‘उर्दू पुस्तक’ नावाची ४१२ पुस्तकं

नोव्हेंबर २०२३. आमच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर त्या महिन्यात पुस्तकं मागणारे कमी आणि ‘निजामकाळातली नोंद’ मागणारे जास्त होते. मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचे म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती सप्टेंबरात नेमली गेली होती. पेपरात रोज ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द यायचा. गॅझेट म्हणजे पुस्तक आणि पुस्तक म्हणजे ग्रंथालय, असा सरळ हिशेब करून माणसं यायची. कुणी घनसावंगीहून, कुणी गेवराईहून, सकाळच्या एसटीनं निघालेली. हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि पणजोबाचं नाव लिहिलेला वहीचा कागद.

त्यांना द्यायचं उत्तर आमचं पाठ झालं होतं. गॅझेट वेगळं, गॅझेटियर वेगळं. गॅझेट म्हणजे राजपत्र; निजामाच्या राज्यात त्याला जरीदा म्हणत, सरकारी हुकूम नि नेमणुका त्यात छापून यायच्या. गॅझेटियर म्हणजे मुलखाची माहिती सांगणारा ग्रंथ. औरंगाबाद जिल्ह्याचा १८८४ चा आहे, हैदराबाद संस्थानाचा १९०९ चा आहे. त्यात लोकसंख्येची, जातीपातींची माहिती मिळेल, पण दादा, तुमच्या पणजोबांचं नाव त्यात नसणार. ते खासरा पाहणीपत्रकात, जन्ममृत्यूच्या नोंदवहीत नाहीतर शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात सापडेल. म्हणजे तहसील, भूमी अभिलेख किंवा गावची जुनी शाळा.

हे पूर्ण उत्तर पहिले पंधरा दिवस दिलं. मग काउंटरवरच्या मुलानं त्याचं एका वाक्यात सार काढलं : “निजामकाळातलं इथं काही नाही, तहसीलला जा.” दिवसाला तीसचाळीस जणांना तेच सांगायचं तर कोण लांबण लावणार. त्याला दोष द्यायला मी तयार नाही. समोर नो ड्यूजची रांग, बाजूला बारकोड स्कॅनर बंद पडलेला, आणि वर अभ्यासिकेतल्या एमपीएससीवाल्या पोरांची पंख्यावरून भांडणं.

त्याच रांगेत ती उभी होती. इतिहासाची संशोधक विद्यार्थिनी, गाव हिंगोलीकडचं. तिनं विचारलं, “निजामाच्या काळातला जमीन महसुलाचा कायदा हवा होता. उर्दूतला, शरह असलेला.” मुलानं ‘निजामाच्या काळातला’ इथपर्यंतच ऐकलं आणि तहसीलचा रस्ता दाखवला.

ती गेली नाही. तिनं पिशवीतून झेरॉक्सचं एक पान काढलं नि काउंटरवर ठेवलं. आमच्याच विद्यापीठाच्या १९८२ च्या एका टंकलिखित प्रबंधातली संदर्भसूची. त्यात उर्दू शीर्षक देवनागरीत लिहिलेलं, पुढे ‘१३१७ फसली’ असं निजामकाळातलं साल, आणि कंसात ‘विद्यापीठ ग्रंथालयाची प्रत’.

“सर, तुमच्याकडंच आहे असं इथं लिहिलंय.”

मुलानं संगणकावरच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, १३१७ टाकून पाहिलं. काही नाही. ‘मालगुजारी’, म्हणजे जमीन महसूल, टाकलं. काही नाही. “तालिकेत नाही म्हणजे नाही, ताई,” तो म्हणाला आणि तिला माझ्याकडे पाठवून दिलं. ग्रंथालयात हीच रीत आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर नाही तो संदर्भ विभागात येतो.

तिला काय हवं होतं

संदर्भ विभागात बसणाऱ्या माणसानं पहिल्यांदा एक गोष्ट शिकायची असते. वाचक जे मागतो ते आणि त्याला जे हवं असतं ते, यांत बहुतेक वेळा अंतर असतं. पणजोबाचं नाव शोधणारा गॅझेट मागत होता, त्याला हवं होतं पाहणीपत्रक. हिच्या बाबतीत उलट होतं. हिला जे हवं होतं, नेमकं तेच ती मागत होती. फक्त आमच्या कानांना आता ते ऐकू येत नव्हतं.

तिचा विषय शिकमीदार. हैदराबाद संस्थानात जमीन पट्टेदाराच्या नावावर असायची, पण त्याच्याबरोबर त्या जमिनीत वाटा असणारा शिकमीदार, आणि खाली कसणारा असामी शिकमी, असे थर होते. हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. इंग्रजी भाषांतर तिनं वाचलं होतं. तिला उर्दू मूळ आणि त्याखाली छापलेली शरह, म्हणजे कलमवार विवेचन, पाहायचं होतं, कारण कोर्टात वकील बोलायचे ते उर्दूतूनच. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाली. तिथून पोलीस कारवाईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, मराठवाड्यातल्या पाचही जिल्ह्यांचा सरकारी व्यवहार त्याच भाषेत चालला. घरी मराठी, वहीत मोडी, कचेरीत उर्दू, अशी इथल्या शिकल्यासवरल्या माणसाची तिपेडी अक्षरओळख होती. माझे आजोबा उर्दूत सही करायचे. मला ती सही वाचता येत नाही.

मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं. खरं सांगायचं तर वेळ काढत होते.

नोंदवहीतलं टिंबटिंब

तालिकेत नसलं तरी दाखल नोंदवहीत असतं. जुन्या ग्रंथालयांत दाखल नोंदवही हाच खरा सातबारा. पुस्तक आत आलं की त्याला क्रमांक पडतो, तो जन्मभर बदलत नाही. १९७४ च्या नोंदवह्या स्टॅकच्या, म्हणजे पुस्तकांच्या कोठाराच्या, मागच्या खोलीत होत्या, लाल कापडी पाठीच्या, दोन हातांनी उचलाव्या लागणाऱ्या. मी देणग्यांची पानं चाळत गेले आणि सापडलं. अंबाजोगाईच्या एका वकिलांच्या वारसांनी दिलेला संग्रह. मराठी नि इंग्रजी पुस्तकांची नावं नीट लिहिलेली. मग शीर्षकाच्या रकान्यात एका ओळीवर ‘उर्दू पुस्तक’, आणि त्याखाली ओळीमागून ओळ ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं. सोळा पानं. मोजली तर ४१२ नोंदी. लेखकाच्या रकान्यात आडवी रेघ. प्रकाशन वर्षाच्या रकान्यात मात्र काहीतरी आकडे होते : १३१७, १३२६, १३४०, १३४६. शेवटच्या रकान्यात सगळ्यांचा वर्गांक, म्हणजे विषय सांगणारा आकडा, एकच, ८९१.४३९.

त्या लेखनिकावर रागवायचं की नाही, याचा मी बराच विचार केला. १९७४ साली गावात उर्दू वाचणारी मराठी माणसं चिक्कार होती. एखाद्या निवृत्त पेशकाराला, म्हणजे कचेरीतल्या कारकुनाला, आठ दिवस बसवलं असतं तर काम झालं असतं. पण कुणाला सुचलं नाही, किंवा सुचूनही मंजुरी मिळाली नाही. आज तेच काम करायला माणूस शोधावा लागतो.

पुढचा घाव २००९ चा. तालिका संगणकावर आणायची म्हणून एका खासगी एजन्सीला काम दिलं गेलं. मोबदला नोंदीमागे ठरलेला, त्यामुळे जितक्या भराभर नोंदी तितका त्यांचा फायदा. पुस्तक हातात घेऊन नोंद करायची असं करारात होतं. प्रत्यक्षात पोरं नोंदवही समोर ठेवून टंकत होती. ‘उर्दू पुस्तक’ एकदा टंकलं आणि ४११ वेळा खाली ओढलं. लेखक ‘अज्ञात’. वर्षाच्या जागी १३१७ टाकलं तर प्रणाली लाल पट्टी दाखवायची, कारण १८०० च्या आधीचं वर्ष ती स्वीकारत नव्हती. मग ऑपरेटरनं त्याच्या मते सरळ दुरुस्ती केली. तीनच्या जागी नऊ. १३१७ चं झालं १९१७. १३४० चं १९४०.

पाहायला नोंद एकदम शहाण्यासारखी दिसते. शीर्षक आहे, वर्ष आहे, वर्गांक आहे, बारकोड आहे. नोंद कोरी असती तर कुणीतरी विचारलं तरी असतं. पुढे आम्ही कोहा या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीवर आलो, तेव्हा या ४१२ नोंदी जशाच्या तशा उचलून तिकडे गेल्या. कोहा हा न्यूझीलंडमधल्या माओरी भाषेतला शब्द, अर्थ देणगी. वकिलांच्या वारसांची देणगी अशी देणगीच्या नावाच्या प्रणालीत जाऊन गडप झाली.

वर्गांकाबद्दलही सांगायला हवं, कारण ती चूक मला सगळ्यांत जास्त लागली. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई दशांश पद्धतीत ८९१.४३९ म्हणजे उर्दू साहित्य. गझल, कादंबरी, नाटक. इथे कायद्याचं पुस्तक, रसायनशास्त्राचं क्रमिक पुस्तक, विहिरीवरच्या पंपाची माहिती देणारी पुस्तिका, सगळं ८९१.४३९ मध्ये, कारण लिपी उर्दू. उद्या कुणी ‘भारतीय दंड संहिता’ मराठीत आहे म्हणून ८९१.४६ ला, मराठी कवितांशेजारी ठेवली तर आपण हसू. इथे पन्नास वर्षं कुणी हसलं नाही.

पोती

नोंद मिळाली, आता पुस्तक. ८९१.४३९ चे दोन्ही रॅक रिकामे. मी आमच्या परिचर मामांना विचारलं.

“ते उर्दूचे व्हय? ते तर पोत्यात बांधून जिन्याखाली ठिवलेत की, मॅडम. मागच्या साली नाही का, निर्लेखनाची यादी झाली तवा.”

आठवलं. २०२२ च्या ग्रंथ पडताळणीत ही ४१२ पुस्तकं निर्लेखनासाठी सुचवली गेली होती, म्हणजे दप्तरातून कमी करून रद्दीत. कारणाच्या रकान्यात : ‘वापर शून्य, भाषा अवगत नाही, जागा अडते.’ त्या यादीवर सही करणाऱ्यांत मीही होते. वापर शून्य होता हे खरंच. पण ‘उर्दू पुस्तक’ या नावानं कुणी कधी काही शोधतं का? सापडू दिलं नाही म्हणून वापर नाही, वापर नाही म्हणून फेकून द्या.

नियमांत यासाठी जागा आहे, ती आम्ही पाहिली नव्हती. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला २१५ वा नियम ग्रंथ पडताळणीचा आहे, आणि त्याचाच दाखला आमच्या फायलींत येतो. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असले तर दरवर्षी संपूर्ण मोजणी, पन्नास हजारांच्या वर असले तर तीन वर्षांच्या आत नमुना तपासणी. वर्षात वाचकांच्या हाताळणीत आलेल्या हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर, लबाडी किंवा हयगय नसल्यास, ते वाजवी धरतात. पण दुर्मीळ ग्रंथ गहाळ झाला तर त्याची चौकशी करावीच लागते. म्हणजे दुर्मीळ ग्रंथ एक हरवला तर चौकशी, आणि आपणच ४१२ रद्दीत घातले तर ठराव.

फाईल वरच्या टेबलावर अडकली होती म्हणून पुस्तकं वाचली. लाल फितीचे उपकार मी आयुष्यात एवढ्या एकाच वेळी मानले.

जिन्याखालून एकोणीस पोती निघाली. डांबरगोळ्यांचा आणि जुन्या खळीचा वास. काही पुस्तकांचा कागद इतका खडखडीत झालेला की पान उलटलं की कोपरा बोटांत राहायचा. आता वाचणार कोण? विद्यापीठात उर्दू विभाग आहे, पण परीक्षांचे दिवस. “सत्र संपल्यावर बघू” असं उत्तर आलं. तेवढ्यात मामा म्हणाले, “बाइंडर चाचांना विचारा की. त्यांची शाळा उर्दूतच झालीय.”

चाचा आठवड्यातून दोन दिवस बांधणीला येतात, रोजंदारीवर. आमच्या नियतकालिकांचे खंड त्यांनीच शिवलेत, गेली कित्येक वर्षं. त्यांना उर्दू येतं हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

फे, हे आणि हमजा

चाचा पोत्यावरच बसले. चष्मा वर सरकवला, पहिलं पुस्तक उचललं आणि मागून उघडलं. म्हणजे आमच्या मते मागून. शीर्षकाचं पान तिथेच होतं.

“मॅडम, साल बघायच्या आधी सालाच्या शेजारचं अक्षर बघायचं. हे ‘फे’ आहे ना, फसलीचं. दोन डोळ्यांचं ‘हे’ असलं की हिजरी. आणि नुसती हमजा असली, अशी छोटीशी, की ईसवी.”

एका ओळीत त्यांनी पन्नास वर्षांची गाठ सोडवली. पुष्कळ पुस्तकांवर दोन सनं शेजारीशेजारी होती, १३५५ हिजरी आणि १३४६ फसली, मधे ‘मुताबिक’चा मीम. लेखनिकानं त्यातलं जे आधी दिसलं ते उचललं होतं.

फसल म्हणजे पीक. महसूल गोळा करायचा तर पीक हाती आल्यावर. हिजरी चांद्र वर्ष ऋतूंबरोबर चालत नाही, म्हणून महसुलासाठी वेगळं सौर साल. हैदराबादच्या फसली सालाचा पहिला महिना अजूर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणारा, आणि शेवटचा आबान. त्यामुळे फसलीचं ईसवी करताना ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा विनियम १३५८ फसलीचा, आणि तो १५ ऑगस्ट १९४९ ला लागू झाला, ताळा जमतो. मग १३१७ फसली म्हणजे १९०७-०८. आमची तालिका त्याला १९१७ म्हणत होती. चूक नऊदहा वर्षांचीच, म्हणून जास्त घातक. कुणी एखाद्यानं विश्वास ठेवून प्रबंधात लिहूनही टाकलं असतं.

आकड्यांची आणखी एक गंमत. उर्दूत शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि पाच हा खालून चिमटलेल्या वाटोळ्यासारखा. शिळाछपाईचं पान असेल, कातिबाचा, म्हणजे मजकूर हातानं लिहिणाऱ्याचा, हात घाईचा असेल, तर मराठी डोळ्याला तो पाच सरळ शून्य दिसतो. नोंदवहीतली बरीचशी ‘१३४०’ ही प्रत्यक्षात १३४५ निघाली. शिवाय सात आणि आठ म्हणजे एकच फासळी, एकदा सुलटी एकदा उलटी. अक्षरं उजवीकडून वाचायची, आकडे मात्र डावीकडून. हे लेखनिकाला कुणी सांगितलं नसेल, तर त्यानं काय करावं?

तिसऱ्या पोत्यात कायदा सापडला. चाचांनी वाचलं : “कानून मालगुजारी... ममालिक-ए-महरूसा सरकार-ए-आली.” आतल्या पानावर जांभळा शिक्का, वकिलांचा, आणि खाली गावाचं नाव मोमिनाबाद. अंबाजोगाईचं निजामकाळातलं नाव. मागच्या पुठ्ठ्याला आमची तारखेची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर तीन शिक्के, तिन्ही १९७९ ते १९८१ मधले. म्हणजे प्रबंध लिहिणाऱ्या त्या संशोधकानं स्टॅकमध्ये शिरून, रॅकसमोर उभं राहून, एकेक पुस्तक उघडून हे काढलं होतं. तालिकेची मदत त्यालाही नव्हतीच. पण त्याला लिपी येत होती आणि आम्ही त्याला आत सोडलं होतं. आता वाचकांना त्या स्टॅकमध्ये प्रवेश नाही. सुरक्षेसाठी.

सुरुवातीची काही पानं कसरीनं चाळणी केलेली. तिला हवी असलेली कलमं शाबूत होती.

समासातली मोडी

दोन दिवसांनी ती आली. मी पुस्तक समोर ठेवलं, तेव्हा ती काही बोलली नाही, पिशवीतून हातमोजे काढले. शहाणी मुलगी. पाच-सहा पानं उलटल्यावर थांबली.

“मॅडम, हे बघितलंत का?”

समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मी उर्दूच समजून सोडून दिलं होतं. ती मोडी होती. मोमिनाबादच्या वकिलांनी उर्दू कायद्याच्या शरहेवर, मराठीत, मोडी लिपीत टिपा काढल्या होत्या : कोणत्या गावच्या दाव्यात कोणतं कलम लागलं, पक्षकाराचं नाव, आणि एका ठिकाणी चक्क हाकिमाबद्दल एक शेलका शब्द.

मग पुढचे दोन तास जे झालं ते मी विसरणार नाही. चाचा एक कलम उर्दूतून वाचायचे, अर्थ सांगायचे. ती समासातली मोडी लावायची, अडखळत, तिनं मोडीचा वर्ग नुकताच केला होता. ‘शिकमी’ या शब्दावर दोघांचा वाद झाला. चाचा म्हणाले शिकम म्हणजे पोट. ती म्हणाली, म्हणजे मराठीतलं पोटकूळ, पोटहिस्सा. चाचा म्हणाले, तेच की बेटा. मी मधे बसून टंकत होते आणि दोघांपैकी कुणाचंही अक्षर मला वाचता येत नव्हतं.

पुढे काय केलं, काय चुकलं

माझा पहिला आग्रह होता की ४१२ पुस्तकांची मार्क या संगणकीय नोंदीच्या पद्धतीनं पूर्ण नोंद व्हावी, मूळ लिपीतल्या शीर्षकासह. आमचे ग्रंथपाल सर म्हणाले, आधी साधी यादी कर. दाखल क्रमांक, देवनागरीत शीर्षक, जसं छापलंय तसं साल, ईसवी साल, विषय, अवस्था. बस. मला ते कमीपणाचं वाटलं. सरांचं बरोबर होतं. पूर्ण नोंदीच्या वेगानं आठवड्याला सहा पुस्तकं होत होती, यादीच्या वेगानं चाळीस. आणि वाचकाला पहिल्यांदा एवढंच कळायला हवं असतं की आहे की नाही.

पोत्यांतून निघालं ते असं. कायद्याचे ग्रंथ आणि निकालांचे वार्षिक खंड सर्वांत जास्त, वकिलांचंच घर ते. त्याखालोखाल उस्मानिया विद्यापीठाची क्रमिक पुस्तकं. हे विद्यापीठ १९१८ साली स्थापन झालं ते उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण द्यायला, आणि त्याच्या भाषांतर विभागानं गणित, रसायन, तर्कशास्त्र, इतिहास, सगळं उर्दूत आणलं. देशी भाषेतून विज्ञान शिकवता येतं का, हा वाद आपण आजही घालतो. इथे त्या प्रयोगाची पुस्तकं जिन्याखाली पोत्यात होती. आणि ‘उर्दू’ नावाच्या त्रैमासिकाचे काही सुटे अंक. मौलवी अब्दुल हक यांच्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं ठाणं कित्येक वर्षं औरंगाबादेत होतं, आणि हे त्रैमासिक १९२१ पासून तिथूनच निघायचं. सुटे अंक पाहून चाचांनी विचारलं, “हे शिवू का?” मी म्हटलं आधी स्कॅन करू. शिवल्यावर पान सपाट उघडत नाही.

नुक्त्यानं, म्हणजे अक्षराखालच्या टिंबानं, आम्हाला चांगलंच छळलं. सुरुवातीला मी हौसेनं शुद्ध लिहीत गेले, ‘क़ानून’, ‘मालगुज़ारी’. मग तालिकेत ‘कानून मालगुजारी’ टाकून पाहिलं तर शून्य. संगणकाच्या लेखी ‘ज’ आणि नुक्त्याचा ‘ज़’ ही वेगळी अक्षरं; त्यातही नुक्त्याचा ‘ज़’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. मराठी वाचक नुक्ता टंकत नाही, त्याच्या कळपाटावर तो कुठे असतो हेही त्याला ठाऊक नसतं. म्हणजे मी नव्या शुद्ध नोंदींनी तेच पुस्तक पुन्हा लपवत होते. आता मुख्य शीर्षक नुक्त्याविना, नुक्त्याचं रूप पर्यायी शीर्षकात. सव्वाशे नोंदी परत दुरुस्त केल्या.

वर्गांक विषयाप्रमाणे बदलले. त्यासाठी पुस्तकांच्या पाठीवरचं पेन्सिलीतलं ८९१.४३९ खोडायला मामांना बसवलं. त्यांनी एक जुनी चिठ्ठी आणून दाखवली, तिच्यावर १९७४ च्या वर्गीकरण साहाय्यकानं शेरा लिहिला होता : ‘तात्पुरता वर्गांक.’

स्कॅनिंग मोजक्याच ग्रंथांचं केलं. संस्थानानंच छापलेल्या कायद्याच्या संहितेला हक्काची अडचण नाही, सरकारी प्रकाशनाचा हक्क साठ वर्षांत संपतो. शरहकाराची गोष्ट वेगळी, त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं मोजावी लागतात, आणि तो कधी वारला हे शोधायलाच एक प्रबंध लागेल. ज्यांचं पक्कं ठरलं तेवढेच ग्रंथ घेतले. नस्तालीक या उर्दूच्या वळणदार लिखावटीतली शिळाछपाई संगणकाला वाचता येईना; यंत्रानं काढलेला मजकूर चाचांना दाखवला तर ते पोट धरून हसले. त्यामुळे स्कॅन म्हणजे फक्त चित्रं. शोधायचं तर आमच्या यादीतूनच.

काउंटरवरचा बदल छोटा आहे. एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ‘नाही’ सांगितलं की त्यात लिहायचं : काय मागितलं, कशावरून नाही म्हटलं. तालिका पाहून, रॅक पाहून, की सवयीनं? काउंटरवरच्या मुलानं ‘सवयीनं’ या पर्यायाला पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. आता तो स्वतःच कधीकधी ‘सवयीनं’ असं लिहितो आणि वही माझ्याकडे आणून देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटच्या नोंदींचा शासन निर्णय आला आणि रांगा पुन्हा लागल्या. त्या वहीची चार पानं एका आठवड्यात भरली. त्यातले दोन जण पणजोबा शोधायला आलेले नव्हते.

बारा ऑगस्टला आम्ही डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. त्यांचे १९३१ चे पाच नियम संदर्भ विभागाच्या भिंतीवर चौकटीत आहेत. दुसरा, ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’. जिन्याखालच्या पोत्यांपासून ती चौकट अठरा पावलांवर होती. मी मोजली.

४१२ पैकी २९६ यादीत आली आहेत. उरलेल्यांत मोठा गठ्ठा फारसीचा निघाला, आणि चाचांना फारसी अक्षर लावता येतं, अर्थ लागत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घ्यायचं पत्र मंजूर झालं.

एक आक्षेप मात्र अजून मिटलेला नाही. चाचांना वाचनासाठी मानधन द्यायला खर्चाचं स्वतंत्र शीर्ष नव्हतं, म्हणून त्यांचे ते सगळे दिवस ‘ग्रंथ बांधणी’खाली दाखवले. स्थानिक लेखापरीक्षणात नेमकं ते पकडलं गेलं : ‘सदर कालावधीत एकाही ग्रंथाची बांधणी झाल्याचे दिसून येत नाही, खुलासा करावा.’ मी तीन मसुदे लिहिले आणि फाडले. परवा चाचा म्हणाले, “मॅडम, उगं कशाला डोकं फोडता. मी रविवारी येतो, कायद्याचं ते पुस्तक शिवून टाकतो, बिल जोडा.” त्यांना सांगावं लागलं की ते पुस्तक सध्या शिवायचं नाही, समासातली मोडी शिलाईत जाईल.